कन्स्ट्रक्टर कितीही असोत, काम एकानेच करावं

तुमचा प्रश्न इतरांनाही समजावा म्हणून आधी थोडक्यात सांगते. गोव्यात मोरजीला तुमच्या मामांचं घरगुती गेस्ट हाउस आहे आणि खोल्यांच्या नोंदी ते वहीत ठेवतात. तुम्ही फर्मागुडीला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहात आणि मामांसाठी जावा या प्रोग्रामिंग भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला आहे. त्यात ‘आरक्षण’ नावाचा क्लास (नोंदीचा साचा) आहे आणि त्याला तीन कन्स्ट्रक्टर (त्या साच्यातून नवी नोंद, म्हणजे ऑब्जेक्ट, तयार करणारे कोडचे भाग) आहेत. पहिला फक्त पाहुणा आणि खोली घेतो, दुसरा त्यासोबत रात्रींची संख्या घेतो, तिसरा दरही घेतो. तिन्ही शेवटी ‘तयारी’ ही मेथड (नाव दिलेला कामाचा तुकडा) बोलावतात. ‘हंगामीआरक्षण’ हा त्याचा चाइल्ड क्लास (त्याच्यावरून बनवलेला; मूळचा ‘आरक्षण’ हा पॅरंट) नाताळच्या आठवड्यात रात्रीमागे ५०० रुपये अधिभार लावतो आणि त्यासाठी त्यात ‘तयारी’ ओव्हरराइड केली आहे, म्हणजे पॅरंटच्या जागी स्वतःची लिहिली आहे. तरी बिल निघतं साध्याच दराने. चाइल्डमधल्या ‘अधिभार = ०’ या ओळीतलं ‘= ०’ काढलं की बिल बरोबर येतं, पण का ते कळत नाही. शिवाय तुम्ही विचारलंय की कोणत्या कन्स्ट्रक्टरने कोणाला बोलवावं, ‘सुपर’, म्हणजे पॅरंटच्या कन्स्ट्रक्टरला मारलेली हाक, पहिल्याच ओळीत हवं हे खरं का (लॅबमध्ये चूक दाखवतं, घरच्या लॅपटॉपवर चालतं), आणि पुढच्या सत्रात पायथन या भाषेतही हे असंच असेल का.

क्लासची आणि फील्डची (ऑब्जेक्टमध्ये किमती ठेवायच्या जागांची) नावं तुम्ही मराठीत ठेवलीत ते मला फार आवडलं. जावाला देवनागरी नावं चालतात, हे पुष्कळ जणांना ठाऊकच नसतं. मीही खाली तीच नावं वापरते; ‘सुपर’ (super), ‘धिस’ (this) हे जावाचे शब्द आणि आकडे कोडमध्ये मात्र इंग्रजीतच लिहायचे.

‘= ०’ काढलं की चालतं, या तुमच्या एका निरीक्षणात सगळं उत्तर दडलेलं आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

तुम्ही ‘न्यू हंगामीआरक्षण’ म्हणता तेव्हा जावा आधी पूर्ण ऑब्जेक्टची जागा घेतं आणि सगळी फील्ड पुसून कोरी करतं. आकड्याच्या फील्डमध्ये शून्य, पाहुणा-खोलीसारख्यांत नल, म्हणजे काहीच नाही. मग चाइल्डचा कन्स्ट्रक्टर सुरू होतो, पण स्वतःचं काही करण्याआधी तो वर पॅरंटकडे जातो. पॅरंट त्याच्याही वर, सगळ्यांचा मूळ असलेल्या ‘ऑब्जेक्ट’ क्लासपर्यंत जातो. तिथून काम खाली उतरत येतं. पॅरंटच्या पायरीवर आधी त्याच्या फील्डच्या ओळी लिहिलेल्या क्रमाने चालतात, मग त्याच्या कन्स्ट्रक्टरचं अंग. तुमचा पॅरंट तिथे पाहुणा, खोली, रात्री, दर भरतो आणि ‘तयारी’ला हाक मारतो.

ही हाक कुणाला ऐकू जाते? जावामध्ये ऑब्जेक्ट पहिल्या क्षणापासून हंगामीआरक्षणच असतो, म्हणून चाइल्डमधली ‘तयारी’ चालते. ती ४ रात्री गुणिले ५०० करून अधिभारात २००० ठेवते. हिशेब अगदी बरोबर. पण चाइल्डच्या फील्डच्या ओळी अजून चाललेल्याच नाहीत! पॅरंट संपतो, काम चाइल्डच्या पायरीवर उतरतं आणि आता ‘अधिभार = ०’ ही ओळ चालते. २००० पुसले जातात. ३००० दराच्या खोलीचे ४ रात्रींचे १४,००० व्हायला हवेत तिथे १२,००० निघतात.

‘= ०’ काढलंत की त्या पायरीवर चालवायला काही उरत नाही, म्हणून २००० टिकतात. बिल बरोबर आलं, पण ते निव्वळ योगायोगाने. उद्या कुणी तुमचा कोड वाचेल, ‘फील्डला सुरुवातीची किंमत द्यावी’ ही चांगली सवय म्हणून ‘= ०’ परत लिहील, आणि कंपायलर (कोड तपासून तो चालण्याजोगा करणारा प्रोग्राम) एक शब्द बोलणार नाही. अधिभाराऐवजी तिथे एखादी यादी असती तर प्रोग्राम नल म्हणून कोसळला तरी असता, निदान आवाज झाला असता. आकड्यांची चूक गुपचूप होते, म्हणून तिची मला जास्त धास्ती वाटते.

गोव्यात चवथीला गणपतीच्या वर टांगतात त्या माटोळीकडे पाहा. लाकडी चौकट आधी टांगून पक्की बांधतात, मग तिच्यावर नारळ, सुपारीचे घोस, रानफळं चढतात. तुमच्या प्रोग्राममध्ये चौकट बांधून व्हायच्या आत कुणीतरी फळं लटकवली. मग चौकट बांधणारा आला, त्याने ती फळं उतरवून आपलं काम नीट पूर्ण केलं आणि तो निघून गेला. दोघांनी आपापलं काम बरोबर केलं, क्रम तेवढा चुकला.

हा क्रम प्रत्येक भाषेने आपापला ठरवला आहे, आणि तुमचाच प्रोग्राम जसाच्या तसा वेगवेगळ्या भाषांत लिहिला तर बिल वेगळं येतं. इथे मी मुद्दाम जरा रेंगाळणार आहे. हे एकदा डोक्यात बसलं की कन्स्ट्रक्टरची साखळी कायमची कळते.

सी-शार्पमध्ये चाइल्डच्या फील्डच्या ओळी पॅरंटचा कन्स्ट्रक्टर सुरू होण्याआधी चालतात. म्हणजे आधी ‘अधिभार = ०’, मग पॅरंट, मग पॅरंटने मारलेली हाक चाइल्डच्या ‘तयारी’ला. बिल १४,०००, बरोबर. मात्र चाइल्डच्या कन्स्ट्रक्टरचं अंग अजून चाललेलं नसतं. अधिभाराचा दर कन्स्ट्रक्टरला बाहेरून मिळत असेल, तर ‘तयारी’च्या वेळी तो शून्यच असेल. म्हणजे धोका एक पायरी पुढे सरकला, गेला नाही.

सी प्लस प्लसचा विचारच निराळा. तिथे पॅरंटचा कन्स्ट्रक्टर चालू असेपर्यंत ऑब्जेक्ट हा ‘आरक्षण’च मानला जातो, हंगामीआरक्षण अजून जन्मलेलाच नाही. त्यामुळे हाक पॅरंटच्याच ‘तयारी’ला जाते, चाइल्डची कधी चालतच नाही. बिल १२,०००. उत्तर जावासारखंच चुकीचं, पण कारण अगदी उलट. ‘= ०’ काढून तिथे काहीच साधणार नाही, उलट अधिभारात कचरा आकडा राहील.

स्विफ्टमध्ये कंपायलर अडूनच बसतो. चाइल्डने आपली सगळी फील्ड भरल्याशिवाय त्याला वर जाऊ देत नाही. पहिल्या टप्प्यात खालून वर सगळी फील्ड भरली जातात, दुसऱ्या टप्प्यात वरून खाली उरलेलं काम होतं. तिथे बिल १४,००० येतं. जावास्क्रिप्टमध्ये चाइल्डची फील्ड ‘सुपर’ परतल्यावर लगेच भरली जातात, म्हणून पुन्हा १२,०००. कोटलिनमध्ये या ओळींचा क्रम जावासारखाच आहे.

पॅरंट आधी, चाइल्ड नंतर हा क्रम मात्र फार जुना आहे. नॉर्वेत दाल आणि नीगोर्द यांनी सिम्युला ६७ या भाषेत पहिल्यांदा क्लास आणले. तिथे ज्या क्लासवरून नवा क्लास बनला त्याच्या ओळी आधी चालायच्या. पुढच्या भाषांनी बदललं ते एवढंच की मधल्या काळात चाइल्डची फील्ड कोणत्या अवस्थेत असतात.

यातून पहिला नियम निघतो, आणि तो मी माझ्या हाताखालच्या प्रत्येकाकडून पाळून घेते: कन्स्ट्रक्टरच्या आतून ओव्हरराइड होऊ शकेल अशी मेथड कधीही बोलवायची नाही. ‘तयारी’ ठेवायचीच असेल तर ती प्रायव्हेट किंवा फायनल करा, म्हणजे चाइल्डला ती ओव्हरराइड करता येणार नाही. जावा २१ पासून कंपायलरला ‘धिस-एस्केप’ नावाची तपासणी लावता येते, काही ठिकाणी ती अशा हाकांवर इशारा देते. पण तिच्यावर विसंबू नका, नियम स्वतःच्या बोटांत असू द्या.

आता मुख्य प्रश्न: कुणी कुणाला बोलवायचं.

तुम्ही ‘तयारी’ का लिहिलीत ते मला कळतं. तीन कन्स्ट्रक्टरमध्ये तेच काम पुन्हा पुन्हा लिहायला नको म्हणून. विचार बरोबर आहे, जागा चुकली. ही चूक तुमच्या एकट्याची नाही. सी प्लस प्लसमध्ये २०११ पर्यंत एका कन्स्ट्रक्टरने दुसऱ्याला बोलवायची सोयच नव्हती, म्हणून सगळे ‘इनिट’ नावाची मेथड लिहायचे, आणि ती सवय तिथून पुष्कळांच्या हातात राहिली. जावात ही सोय पहिल्यापासून आहे: ‘धिस’ आणि कंस, म्हणजे त्याच क्लासच्या दुसऱ्या कन्स्ट्रक्टरला हाक.

क्लासच्या प्रत्येक पायरीवर एकच पूर्ण कन्स्ट्रक्टर ठेवा. सगळे पॅरामीटर (बाहेरून दिलेल्या किमती) घेणारा, तपासणी करणारा, फील्ड भरणारा तो एकटा. बाकीच्यांनी स्वतः एकही फील्ड भरायचं नाही. आपल्याकडे नसलेली एखादी किंमत जोडायची आणि पुढच्याकडे सोपवायचं. तुमचा पहिला कन्स्ट्रक्टर एका ओळीचा होईल:

धिस(पाहुणा, खोली, १);

दुसराही एकाच ओळीचा:

धिस(पाहुणा, खोली, रात्री, खोली.दर());

आणि तिसरा खरं काम करेल.

पहिल्याने थेट तिसऱ्याला का बोलवू नये, असं विचाराल. चालेल, पण मग ‘दर सांगितला नाही तर खोलीचा नेहमीचा दर’ हा निर्णय पहिल्यातही लिहावा लागेल आणि दुसऱ्यातही. पायरीपायरीने गेलात तर प्रत्येक कन्स्ट्रक्टर एकच निर्णय घेतो आणि तो निर्णय संपूर्ण प्रोग्राममध्ये एकाच जागी राहतो. एक निर्णय दोन जागी लिहिलेला असला की त्यातला एक कधी ना कधी बदलायचा राहतोच.

हे मी अनुभवाने सांगते. आम्ही म्हापशाच्या बाजारातल्या दुकानदारांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर सांभाळत होतो. बिलातल्या ओळीच्या क्लासला तीन कन्स्ट्रक्टर होते आणि तिन्हींत कराचा नेहमीचा दर वेगळा लिहिलेला होता. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. त्याआधीच्या रात्री आम्ही बसून दर बदलले आणि दोनच कन्स्ट्रक्टरमध्ये बदलले. तिसरा वापरला जायचा फक्त परत आलेल्या मालाच्या नोंदीत, आणि त्या रात्री कुणी माल परत करून पाहिला नाही. आठवडाभर परत मालाच्या नोंदी जुन्या व्हॅटच्या दराने निघत राहिल्या. एका दुकानदाराने हाताने बेरीज करून ते पकडलं. ती प्रत्येक नोंद आम्ही दुकानात बसून दुरुस्त केली. त्यानंतर मी एकाहून अधिक कन्स्ट्रक्टरमध्ये फील्ड भरलेलं दिसलं की तो कोड पुढे जाऊ देत नाही.

जावात ‘धिस’ने सोपवताना फील्डच्या ओळी दोनदा चालतील की काय, अशी शंका पुष्कळांना येते. नाही चालत. त्या फक्त ‘सुपर’कडे जाणाऱ्या कन्स्ट्रक्टरबरोबर एकदाच चालतात. ‘धिस’ने सोपवणारा नुसता दार उघडून देतो. आणि चुकून पहिल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने पुन्हा पहिल्याला बोलवलं, तर जावाचा कंपायलर तिथेच थांबवतो. सी प्लस प्लसच्या कंपायलरवर मात्र हे फेरे पकडण्याची सक्ती नाही.

पॅरामीटरच्या क्रमाकडे नीट लक्ष द्या. रात्री आणि दर दोन्ही पूर्णांक आहेत. सोपवताना त्यांची अदलाबदल झाली तर कंपायलरला काहीच वावगं दिसणार नाही. आणि साध्या आरक्षणात तुम्हालाही दिसणार नाही, कारण ४ गुणिले ३००० काय आणि ३००० गुणिले ४ काय, बिल तेच. चूक उघडी पडेल ती हंगामी आरक्षणात, जेव्हा ३००० ‘रात्रीं’वर ५०० रुपयांनी १५ लाखांचा अधिभार लागेल. पूर्ण कन्स्ट्रक्टरमध्ये रात्री १ ते ६० च्या बाहेर असतील तर नकार द्या. तपासणी एकाच जागी असल्यामुळे ती एकदाच लिहावी लागते आणि कोणत्याही वाटेने आलेल्या नोंदीला लागू होते.

आणखी एक फायदा, माझ्या मते सगळ्यांत मोठा. पाहुणा, खोली, रात्री, दर ही चारही फील्ड फायनल करा, म्हणजे एकदा भरली की पुन्हा बदलता येणार नाहीत. ‘तयारी’सारख्या मेथडमधून फायनल फील्ड भरताच येत नाही, कंपायलर मुळीच ऐकत नाही. कन्स्ट्रक्टरच्या साखळीतून भरता येतं, आणि मग कंपायलरच खात्री देतो की प्रत्येक वाटेने आलेल्या ऑब्जेक्टमध्ये ते फील्ड एकदाच, नेमकं एकदाच भरलं गेलं आहे. तुम्हाला चाचणी लिहून जे तपासावं लागलं असतं, ते तो रोज फुकट तपासतो.

आता वरची दिशा. चाइल्डच्या पूर्ण कन्स्ट्रक्टरने पॅरंटच्या पूर्ण कन्स्ट्रक्टरकडेच जावं. तुमच्या कोडमध्ये चाइल्डलाही तीन कन्स्ट्रक्टर आहेत आणि ते पॅरंटच्या तीन वेगवेगळ्या कन्स्ट्रक्टरकडे जातात. त्या तीन समांतर वाटा झाल्या, आणि रात्रीमागचा अधिभारदर कन्स्ट्रक्टरमध्ये घ्यायचा म्हटला तर तो भरायचं काम प्रत्येक वाटेवर वेगळं लिहावं लागेल. त्यापेक्षा चाइल्डमध्येही तोच नियम लावा. छोटे कन्स्ट्रक्टर आडवे, आपल्याच क्लासमधल्या मोठ्याकडे जातील, आणि मोठा एकटाच उभा, वर जाईल:

सुपर(पाहुणा, खोली, रात्री, दर);
धिस.अधिभारदर = अधिभारदर;

ऑब्जेक्टिव्ह-सीमध्ये हा शिस्तीचा भाग होता, पाळला तर पाळला. २०१४ मध्ये स्विफ्ट आली तेव्हा तिने त्याचा कायदाच केला: मुख्य इनिशियलायझर (तिथलं कन्स्ट्रक्टरचं नाव) वर जाईल, सोयीचा इनिशियलायझर आडवाच जाईल, त्याने थेट वर जायचं नाही. कोटलिननेही क्लासच्या मथळ्यात मुख्य कन्स्ट्रक्टर असेल तर बाकीच्यांनी त्याच्याकडे सोपवलंच पाहिजे असं ठरवलं. जावा सक्ती करत नाही, म्हणून ती शिस्त आपण लावून घ्यायची.

एक गोष्ट विद्यार्थ्यांना हमखास अडवते. कन्स्ट्रक्टर वारशाने मिळत नाहीत. पॅरंटला रिकामा कन्स्ट्रक्टर नसेल आणि चाइल्डने ‘सुपर’ लिहिलं नसेल, तर जावा गुपचूप रिकाम्या ‘सुपर’ची ओळ घालायला जातं आणि कंपायलर रडतो. तेव्हा पॅरंटमध्ये एक रिकामा कन्स्ट्रक्टर घालून त्याला गप्प करायचा मोह होतो. कृपा करून करू नका. त्या क्षणापासून पाहुणा नसलेलं, खोली नसलेलं आरक्षण बनवायची वाट तुम्ही उघडून ठेवता.

मग अधिभाराचा हिशेब कुठे करायचा? तुमच्या ‘रक्कम’ या मेथडमध्ये. चाइल्डने फक्त रात्रीमागचा अधिभारदर फायनल फील्डमध्ये ठेवावा आणि रक्कम विचारली की रात्री गुणिले दर अधिक रात्री गुणिले अधिभारदर असं उत्तर द्यावं. कन्स्ट्रक्टरने वस्तू जमवायच्या, हिशेब नंतर व्हावा. पण ५०० हा आकडा ‘रक्कम’च्या आत लिहू नका. पुढच्या नाताळात मामा तो ७०० करतील आणि तुमची जुनी बिलंही नव्या दराने दिसायला लागतील. ज्या दिवशी नोंद झाली त्या दिवशीचा दर त्या नोंदीबरोबरच राहिला पाहिजे, म्हणून तो कन्स्ट्रक्टरमधून आत यावा.

‘सुपर’ पहिल्या ओळीत हवं का, याचं उत्तर: लॅबमध्ये हो, तुमच्या घरी नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या जावा २५ पासून ‘सुपर’ किंवा ‘धिस’च्या आधी इतर ओळी लिहायला पक्की परवानगी मिळाली. त्याआधी जावा २२ पासून ती चाचणीच्या स्वरूपात होती. लॅबमधली आवृत्ती जुनी असणार. मात्र त्या आधीच्या ओळींमध्ये ऑब्जेक्टला हात लावता येत नाही. त्याची मेथड बोलवता येत नाही, फील्ड वाचता येत नाही. स्वतःच्या क्लासमधलं फील्ड भरता तेवढं येतं, तेही त्या फील्डच्या ओळीत आधी किंमत दिलेली नसेल तरच. म्हणजे जावा २५ मध्ये तुम्ही अधिभार ‘सुपर’च्या आधी भरून आजची चूक झाकू शकाल. मी ते करणार नाही. ही सोय मला आवडते ती तपासणीसाठी: रात्री शून्य आहेत हे वर जाण्याआधीच कळावं. जुन्या आवृत्तीत हेच काम एखादी स्टॅटिक मेथड ‘सुपर’च्या कंसात बोलवून करावं लागायचं. तुम्हाला दोन्हीकडे चालणारा कोड हवा आहे, तेव्हा सध्या ‘सुपर’ पहिल्याच ओळीत ठेवा.

सी-शार्पमध्ये ऑब्जेक्ट बनवल्यावर महिरपी कंसात फील्ड भरायची पद्धत आहे. तिला ऑब्जेक्ट इनिशियलायझर म्हणतात आणि नावामुळे ती साखळीचा भाग वाटते. ती साखळी संपल्यानंतर चालते. कन्स्ट्रक्टरमधली तपासणी तोवर होऊन गेलेली असते. पुढे कधी ती भाषा हाती आली तर एवढं लक्षात असू द्या.

आता पायथन. तिथे साखळी आपोआप होतच नाही. चाइल्डमध्ये ‘इनिट’ (पायथनमध्ये कन्स्ट्रक्टरचं काम करणारी मेथड) लिहिलंत आणि त्यात ‘सुपर’ची हाक विसरलात, तर पॅरंटचं ‘इनिट’ चालणारच नाही, आणि भाषा तक्रारही करणार नाही. पाहुणा नावाचं फील्डच नाही, हे कळेल ते बिल छापताना. हाक कुठे मारायची तेही तुमच्यावर. ‘अधिभार = ०’ हाकेच्या आधी लिहिलंत तर तुमचं आजचं बिल १४,०००, नंतर लिहिलंत तर १२,०००. एकाच भाषेत दोन्ही उत्तरं, एका ओळीच्या जागेवरून.

आडवी साखळी मात्र तिथे लागतच नाही. पॅरामीटरला नेहमीची किंमत देता येते, त्यामुळे तीन कन्स्ट्रक्टरचं काम एकच ‘इनिट’ करतं. फक्त नेहमीची किंमत म्हणून रिकामी यादी देऊ नका. ती एकदाच बनते आणि सगळे ऑब्जेक्ट तीच वाटून घेतात, एका पाहुण्याचं जेवण दुसऱ्याच्या बिलात जातं.

आणि पायथनमधलं ‘सुपर’ म्हणजे पॅरंट नव्हे. तुम्ही उद्या हंगामीआरक्षण आणि ऑनलाइनआरक्षण या दोन्हींवरून एक क्लास बनवलात, तर पायथन सगळ्या क्लासची एक सरळ रांग लावतं: स्वतः, हंगामी, ऑनलाइन, आरक्षण आणि शेवटी मूळचा ‘ऑब्जेक्ट’. ही रांग लावायची पद्धत, सी-३, पायथन २.३ पासून म्हणजे २००३ पासून आहे. ‘सुपर’ म्हणजे त्या रांगेतला पुढचा. हंगामीमधून मारलेली ‘सुपर’ची हाक त्याच्या पॅरंटकडे न जाता ऑनलाइनकडे जाईल, ज्याची हंगामीला ओळखही नाही. म्हणून अशा क्लासमध्ये प्रत्येकाने आपल्या कामाचे पॅरामीटर नावाने उचलायचे आणि उरलेले तसेच पुढे द्यायचे. एकाने जरी ‘सुपर’ऐवजी पॅरंटचं नाव घेऊन हाक मारली, तर रांग मध्येच तुटते, नाहीतर आरक्षणचं ‘इनिट’ दोनदा चालतं. पुढच्या सत्रात तुम्हाला याची गरज पडणार नाही, पण परीक्षेत ही रांग लिहायला सांगू शकतात.

आता मामांच्या नोंदींकडे वळा. कोड दुरुस्त झाला तरी गेल्या नाताळच्या नोंदी फाइलमध्ये शून्य अधिभारानेच पडून आहेत. फाइल तुम्ही साध्या मजकुराची ठेवली आहे हे बरं झालं. जावाचं स्वतःचं सिरियलायझेशन (ऑब्जेक्ट जसाच्या तसा फाइलमध्ये ठेवायची सोय) वापरलं असतंत, तर वाचताना तुमच्या क्लासचा कन्स्ट्रक्टर चाललाच नसता आणि तपासणीही झाली नसती. फाइल वाचणारा कोड आज दोन ठिकाणी वेगवेगळे कन्स्ट्रक्टर वापरतो. तो बदला, प्रत्येक ओळ पूर्ण कन्स्ट्रक्टरमधूनच आत येऊ द्या. मग ज्या नोंदींत २४ डिसेंबर ते १ जानेवारीमधली रात्र आहे त्या वेगळ्या काढा, मामांची वही शेजारी घेऊन बसा आणि प्रत्येकीपुढे पाहुण्याने खरोखर किती पैसे दिले ते पाहा. मामांनी बिल हाताने वाढवून घेतलं असेल तिथे अधिभारदर ५०० लिहा. प्रोग्रामच्या बिलावर विसंबून कमी घेतलं असेल तिथे तो शून्यच ठेवा. नोंदीत तेच राहायला हवं जे त्या दिवशी घडलं.